हरवलेल्या ऊर्जेचा हिशेब

अणूच्या केंद्रात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात, हे आपण शाळेत शिकतो. त्यांच्याही आत क्वार्क नावाचे मूलकण असून ग्लुऑन त्यांना बांधून ठेवतात. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. त्याच्या लाखपटीहून अधिक, म्हणजे जवळजवळ दोन लाख कोटी अंशांना हे बंधन सुटते व क्वार्क-ग्लुऑनचे तप्त द्रव्य बनते.

जड अणुकेंद्रांच्या टकरीतून असे द्रव्य निर्माण करता येते. परंतु ते क्षणार्धात विरते, त्यात तापमापक घालता येत नाही. मग त्याची पारख कशी करावी? आपल्या पेण-रोह्याकडील चिखलणी केलेले भातखाचर डोळ्यांसमोर आणा. एकाच जागेवरून दोन गडी विरुद्ध दिशांना धावले, तर बांधाजवळचा चटकन बाहेर पडतो. सारे खाचर तुडविणारा दमतो. त्याच्या दमण्यावरून चिखलाचा अंदाज येतो. टकरीत विरुद्ध दिशांना उडालेल्या दोन क्वार्कांचे असेच होते. वाटेतील कणांना धडकून ऊर्जा जाते, हे जेम्स ब्योर्केन यांनी १९८२ साली मांडले. ग्लुऑन उत्सर्जित होऊन त्याहून अधिक ऊर्जा जाते, हे पुढे १९९० नंतरच्या गणितांतून दिसले.

अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत २००० साली सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरी सुरू झाल्या. समोरासमोरच्या टकरींत अतिवेगवान कण अपेक्षेच्या सुमारे एक-पंचमांशच आढळले. पण दोष तप्त द्रव्याचाच कशावरून? म्हणून २००३ साली सोन्यावर हलके ड्यूटेरॉन आदळून पाहिले. तेथे तशी घट दिसली नाही. तेव्हा कोठे निष्कर्ष पक्का झाला.

जिनिव्हाजवळील सर्न येथे २०१० साली शिशाच्या टकरी झाल्या. तेथील सीएमएस प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सहभागी आहे; त्यातील बाह्य ऊर्जामापकाच्या उभारणीत तिचा मोठा वाटा आहे. एका बाजूचा कणझोत जोमदार, दुसरा क्षीण, असे तेथे दिसले. कमी पडलेली ऊर्जा नष्ट झालेली नव्हती. ती मंद कणांच्या रूपाने दूरवर पसरलेली सापडली.

पेण-रोह्याच्या मुलामुलींना हे विज्ञान परके वाटू नये, असे आम्हांस वाटते. ज्या संस्थेत हे काम चालते ती मुंबईत, आपल्या शेजारीच आहे. गणित व भौतिकशास्त्र मन लावून शिका. कोणताही निष्कर्ष तुलना करून पाहा, हिशेब जुळल्यावरच स्वीकारा. हीच विज्ञानाची शिकवण आहे.