वाशीमच्या खिडकीत खाडी

(बी. ए. भाग २)

आमच्या घरात समुद्र पाहिलेला मी पहिलाच. गेल्या हिवाळ्यात भूगोलाची सहल रत्नागिरीला गेली होती. भाट्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी, चिखलात मुळांच्या कमानी रोवून उभी असलेली कांदळाची झाडे मी पाहिली. घरी येऊन आईला सांगितले, तर ती म्हणाली, "कारे बाबू, मिठाच्या पान्यात झाड जगते का?"

तिची शंका रास्त होती. तिचे माहेर पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातले. तेथे विहिरीचे पाणी शेताला दिले की जमिनीवर पांढरी खपली धरते आणि पीक बसते. आईच्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी दाखविता यावे म्हणून मी एक योजना आखली आहे. विभागाच्या पूर्वेकडील खिडकीत खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवायची, तीत कांदळाचे रोप वाढवायचे, प्रकाश फक्त सूर्याचा आणि देखभाल शक्य तितकी कमी. या योजनेचे गणित वाचकांपुढे मांडीत आहे.

मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले तेव्हा समुद्र त्याच्या दारातच होता. आपल्याला मात्र समुद्र कालवून घ्यावा लागेल. इंडोनेशियात ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ च्या सुमारास सागरी मासे पाळण्याची एक साधी रीत प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश, एवढेच त्यांचे साहित्य. त्यातील प्रकाश आणि हवा आपण घेऊ. दगड मात्र येथलाच स्वच्छ धुतलेला काळा दगड घ्यावा, कारण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

प्रथम पाणी. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. पेटी ९० सें.मी. लांब व ४५ सें.मी. रुंद असावी आणि पाण्याची खोली ३० सें.मी. ठेवावी. म्हणजे पाणी सुमारे १२१ लिटर आणि क्षार सव्वाचार किलो. स्वयंपाकातले मीठ येथे चालत नाही. त्यात केवळ सोडियम क्लोराईड असते. समुद्रात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम व पोटॅशियमही असते. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी क्षारांचे तयार मिश्रणच आणावे. कोणी म्हणेल, लोणार एवढे जवळ असता तेथील पाणी का आणू नये? त्या सरोवराचे पाणी खारट असले तरी ते समुद्रापेक्षा फार जास्त अल्कधर्मी आहे. समुद्रातले जीव त्यात टिकणार नाहीत.

लोणारचे पाणी उपयोगी नसले तरी त्याचा धडा उपयोगी आहे. त्या विवरात पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले. उन्हाळ्यात आपल्या कुलरच्या जाळीवर जी पांढरी पुटे चढतात, तीही याच कारणाने. पाणी उडते, मीठ उडत नाही. काचपेटीची सारी देखभाल या एका वाक्यात आहे.

समजा, वैशाखात पेटीतले पाणी रोज अर्धा सें.मी. उतरले. ९० गुणिले ४५ गुणिले अर्धा, म्हणजे रोज दोन लिटर पाणी गेले. दहा दिवस कोणी पाहिले नाही तर २० लिटर जातील आणि ३५ चे प्रमाण ४२ वर चढेल. घाईने मिठाचे पाणी घालून भर केली तर रोज ७० ग्रॅम क्षार वाढत जातील. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच हवी. बोअरचे जड पाणी घातले तर त्यातील क्षारही साचतील. त्यापेक्षा पहिल्या दोनचार सरी सोडून गच्चीवरचे पावसाचे पाणी ड्रममध्ये साठवावे.

आता रोप. कांदळ बहुतेक मीठ मुळांशीच अडवते. तिवर मीठ आत घेते, पण पानांवाटे बाहेर टाकते. त्याचे पान चाटून पाहिले तर खारट लागते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखा लांब अंकुर खाली लोंबतो. तो तोडून आणू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आहे. राज्याच्या वनविभागात २०१२ पासून कांदळवन कक्ष आहे. रोपासाठी त्याच्याकडेच रीतसर अर्ज करावा.

पूर्वेच्या खिडकीत कोवळे ऊन पानांवर पडेल. पेटीच्या काचेला मात्र खिडकीकडून पुठ्ठा लावावा, म्हणजे पाणी तापणार नाही आणि शेवाळही कमी धरेल. पश्चिमेची खिडकी नको. आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. गळलेली पाने त्याच दिवशी काढावीत. पाणी भरल्यावर चारसहा आठवडे एकही प्राणी सोडू नये. मलमूत्रातून निर्माण होणारा विषारी अमोनिया पचविणारे जिवाणू दगडांवर वाढायला एवढा काळ लागतो. नंतर दोन मॉली पुरेत. हा मासा मूळ बाजारात गोड्या पाण्यात मिळतो, पण हळूहळू सवय केल्यास समुद्राच्या पाण्यातही राहतो. प्राणी थोडे असले की वीज गेली आणि हवेचा पंप काही वेळ थांबला तरी धोका कमी.

खरी अडचण पुढेच आहे. मे महिन्यात पाणी सर्वांत जास्त उडते, आणि त्याच महिन्यात महाविद्यालयाला सुटी असते. यासाठी कुलरचा प्लॅस्टिकचा फ्लोट वापरता येईल. पितळेचा नको, कारण त्यातील तांबे जलचरांना घातक ठरते. फ्लोट नळाला न जोडता वीस लिटरच्या कॅनला जोडावा. तो अडकला तरी कॅनमधलेच पाणी पेटीत जाईल. वरून काचेचे झाकण ठेवून त्यात रोपापुरती फट ठेवावी. तरीही दर आठवड्याला कोणीतरी येऊन कॅन भरलाच पाहिजे. कमी देखभाल म्हणजे देखभाल नाही असे नव्हे.

आणखी एक प्रश्न मला स्वतःला टोचतो. आमच्या गावात उन्हाळ्यात एका घागरीसाठी रांग लागते. अशा जिल्ह्यात एका झाडासाठी रोज दोन लिटर पाणी उडू द्यावे काय? माझ्या मते, ते पाणी पिण्याच्या पाण्यातून घ्यावे लागत असेल तर पेटी मांडू नये. पावसाळ्यात साठविलेल्या पाण्यावर भागत असेल तरच मांडावी. चार महिन्यांना २४० लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे दोन ड्रम भरपूर झाले.

म्हणून विभागाला माझी विनंती अशी, की आधी पेटी आणू नये. येत्या पावसाळ्यात दोन ड्रम भरावेत आणि खिडकीत साध्या पाण्याचे घमेले ठेवून, रोज किती पाणी उतरते ते उन्हाळा संपेपर्यंत वहीत लिहावे. सुटीतल्या नोंदी मी करीन. माझे गाव एस. टी. ने तासाभराच्या अंतरावर आहे. ड्रम पुरले तर पुढच्या वर्षी रोप मागवू आणि त्या दिवशी मी आईला महाविद्यालय दाखवायला आणीन. तिने ते अजून पाहिलेले नाही.