समांतर विश्वाची गाडी कल्याणला थांबत नाही



सकाळची फास्ट लोकल डोळ्यांदेखत सुटते. आपण डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर धापा टाकत उभे असतो आणि मनात म्हणतो, "जिन्यावर दोन मिनिटं गेली नसती तर...?" त्या क्षणी आपण नकळत समांतर विश्वाचा विचार करत असतो. म्हणजे असं एक जग, जिथे ती गाडी मिळाली, ठाण्याला वेळेवर उतरलो आणि पहिल्या लेक्चरची अटेंडन्सही लागली!

गेल्या काही वर्षांत सुपरहीरोंच्या चित्रपटांनी या ‘तर’चं मोठं दुकान मांडलं आहे. २०२१ च्या ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’मध्ये तीन विश्वांतले तीन स्पायडरमॅन एकत्र आले. २०२२ मध्ये डॉक्टर स्ट्रेंज एका विश्वातून दुसऱ्यात उड्या मारत सुटला. कॅन्टीनमध्ये यावर चहा गार होईपर्यंत वाद झाले. म्हणून म्हटलं, एकदा नीट समजून घेऊ. कॉमिक्स काय सांगतात, फिजिक्स काय सांगतं आणि आपल्या मराठीत हा प्रयोग कोणी केला?

एक खोली, दोन स्टेशनं

कॉमिक्समधला या विषयाचा सर्वांत गाजलेला अंक म्हणजे १९६१ चा ‘द फ्लॅश’ क्रमांक १२३. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार कार्माइन इन्फँटिनो. यात बॅरी अ‍ॅलन ऊर्फ फ्लॅश मुलांसमोर चक्क आपली ‘इंडियन रोप ट्रिक’ करून दाखवत असतो. दोरावर तो स्वतःचं शरीर प्रचंड वेगाने कंप पाववतो आणि गायब होऊन पोहोचतो दुसऱ्याच पृथ्वीवर. तिथे त्याला जुना फ्लॅश, जे गॅरिक, भेटतो. गंमत म्हणजे हा जे गॅरिक बॅरीच्या जगात फक्त कॉमिक्समधलं पात्र असतो!

कल्पना अशी की दोन्ही पृथ्व्या एकाच जागेत आहेत, फक्त त्यांची कंपनं वेगळी. ईएक्सटीसीवाल्यांना हे लगेच पटेल. एकाच खोलीत पाच रेडिओ स्टेशनांच्या लहरी असतात, पण सेट ज्या फ्रिक्वेन्सीला लावाल तेच स्टेशन ऐकू येतं.

पुढे या पृथ्व्या इतक्या वाढल्या की हिशेब ठेवणं अवघड झालं. शेवटी डीसी कंपनीने १९८५ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही बारा अंकांची मालिका काढून सगळ्या विश्वांची मोट एकात बांधली. त्यात बॅरी अ‍ॅलन मेला. ज्याने दार उघडलं तोच गेला, आणि २००८ पर्यंत कॉमिक्समध्ये तो खऱ्या अर्थाने परतला नाही. ते मरण टिकलं म्हणूनच वाचकांच्या जिव्हारी लागलं. आजच्या चित्रपटांत एक हीरो मेला की दुसऱ्या विश्वातून त्याचा ‘स्पेअर पार्ट’ आणता येतो. मग रडायचं कोणासाठी?

फिजिक्स काय म्हणतं?

फर्स्ट इयरच्या अप्लाइड फिजिक्समध्ये आपण श्रोडिंगरचं समीकरण पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्याच श्रोडिंगरने १९३५ मध्ये आपली प्रसिद्ध मांजर पेटीत बसवली. पेटीत एक किरणोत्सारी अणू आहे. तो फुटला तर विष सुटणार आणि मांजर मरणार. क्वांटमच्या नियमांनुसार कोणी बघेपर्यंत अणू ‘फुटला’ आणि ‘न फुटला’ अशा दोन्ही अवस्थांच्या बेरजेत असतो. मग मांजरीचं काय?

रूढ उत्तर असं, की निरीक्षण केलं की एक शक्यता उरते आणि बाकीच्या नाहीशा होतात. १९५७ मध्ये प्रिन्स्टनच्या ह्यू एव्हरेट नावाच्या तरुणाने पीएचडीच्या कामात विचारलं, की समीकरणात तर कुठेही काही नाहीसं होत नाही, मग आपण का नाहीसं करायचं? त्याच्या मते दोन्ही शक्यता राहतात. बघणाराही त्या बेरजेचाच भाग होतो. एका शाखेत त्याला जिवंत मांजर दिसते, दुसऱ्या शाखेत मेलेली.

आता दोन गैरसमज दूर करू.

पहिला: आपण वडापावऐवजी समोसा घेतला की विश्वाला फाटा फुटतो. तसं नाही. फाटे फुटतात ते अणुपातळीवरच्या घटनांनी. आपल्या मनाने निवड केली म्हणून विश्व दुभंगतं असं एव्हरेट म्हणत नाही.

दुसरा: एका शाखेतून दुसरीत जाता येतं. हेही नाही. मांजरीला हवेचे अब्जावधी रेणू आणि प्रकाशकण सतत आपटत असतात. त्यामुळे दोन शाखांमधला ताळमेळ क्षणार्धात इतका विस्कटतो की त्या एकमेकींवर परिणाम करू शकत नाहीत. याला डिकोहेरन्स म्हणतात. थोडक्यात, विश्वं असतील, पण त्यांच्यामध्ये दार नाही. आणि हा क्वांटमचा एक अर्थ आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

गंगाधरपंत कल्याणवरून जातात तेव्हा

आता आपल्या माणसाकडे येऊ. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा माहीत नसेल तर आधी ती मिळवून वाचा. तिचं इंग्रजी रूप ‘द अ‍ॅडव्हेंचर’ एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना ट्रकची धडक बसते आणि ते अशा जगात पोहोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकले. कारण एवढंच, की विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निसटून गेली. इंग्रजी कथेत पंत पुण्याहून जिजामाता एक्सप्रेसने मुंबईला निघतात. गाडी डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान! कर्जतला जेमतेम थांबते आणि आपल्या कल्याणवरून न थांबता धडधडत निघून जाते. पुढे मुंबईत अजून इंग्रजांचा अंमल, लोकलच्या डब्यांवर छोटासा युनियन जॅक.

म्हणजे समांतर विश्व आपल्या प्लॅटफॉर्मवरूनच गेलं म्हणायचं! पण मला या कथेतला दुसराच प्रसंग जास्त लागतो. पंत मुंबईत आपल्या मुलाच्या ऑफिसात जाऊन त्याची चौकशी करतात. रिसेप्शनवरची बाई यादी तपासते आणि सांगते, या नावाचं इथे कोणी नाही. पानिपत जिंकलं, पण मुलगा सापडला नाही. ग्यानबाची मेख इथेच आहे. इतिहासातली एकच गोष्ट बदलून बाकी सगळं जागेवर ठेवता येत नाही. दुसरं विश्व हवं तर अख्खं घ्यावं लागतं.

अ‍ॅडमिशनच्या वेळी पर्सेंटाइलच्या दशांशाने माझं कॉम्प्युटर हुकलं आणि मेकॅनिकल मिळालं. पहिलं वर्षभर मी त्या दुसऱ्या ‘ब्रँच’चं रडगाणं गायलं. मग एके दिवशी वर्कशॉपमध्ये जॉब घासताना लक्षात आलं, की त्या विश्वात शेजारच्या व्हाइसवर आज माझी टर उडवणारा मित्र नसता. तेव्हापासून रडगाणं जरा कमी झालं आहे.

मुंबॅटन आणि मुंब्रा

२०२३ चा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ मराठीतही डब झाला होता. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं ‘मुंबॅटन’ आहे आणि तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. काही मरणं ठरलेलीच असतात, ती टाळली तर विश्व कोसळेल, असा तिथला नियम. माइल्स मात्र पवित्रच्या जगातल्या इन्स्पेक्टर सिंगला वाचवतो, नियम गेला उडत!

हे बघताना मला मुंब्र्याचं वळण आठवतं. ९ जून २०२५ च्या सकाळी तिथे शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले आणि काहींचे जीव गेले. त्यांच्या घरी ‘आधीची गाडी पकडली असती तर’ हा करमणुकीचा विषय नाही. तिथे दुसऱ्या पृथ्वीवरून कोणी परत येत नाही. आणि ती मरणं ठरलेलीही नव्हती. गर्दी, गाड्यांची संख्या, दारं, रुळांचं वळण हे सगळे इंजिनिअरिंगचे प्रश्न आहेत. ते सोडवणारे कोण? उद्याचे आपणच ना?

तेव्हा मंडळी, चित्रपट जरूर बघा, वादही घाला. पण गाडी सुटली तर सुटू द्या, दारात लटकू नका. दारात कोणी लटकत असेल तर त्याला आत ओढून घ्या, थोडं सरकून जागा करा. विश्वं कितीही असोत, आपल्याला पास मिळालाय तो याच एका विश्वाचा.

काय, पटतंय ना?