ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याच्याकडून भेदभाव होतो का?

अभ्यासपाठ : उपवासकाळातील तिसरा रविवार
वाचावे : योहान ४:५-४२; योहान १:४३-४९; लूक ९:५१-५६



कुटुंबभेटीच्या वेळी एका घरी जातिभेदाचा विषय निघाला. घरातील वडीलधारे गृहस्थ आयुष्यभर शेतमजुरी केलेले. ते म्हणाले, “फादर, आमच्यापाशी ना वावर, ना खुर्ची. आमी कोनाशी भेदभाव करनार? भेद कराले बी सत्ता लागते.”

त्यांचे म्हणणे मला सहज खोडता येईना. पण त्याच वेळी मला दुसरा एक प्रसंग आठवला. आपल्याच एका कुटुंबात प्रार्थनासभा झाली. शेवटी घरच्या बाईने सर्वांसाठी चहा आणला. काही जणांनी “आत्ताच झाला” म्हणून कपाला हात लावला नाही. कारण सर्वांना ठाऊक होते. आपण त्या घरापेक्षा एक पायरी वरचे, असे त्यांना वाटत होते. बाई भरलेले कप तसेच आत घेऊन गेल्या. ज्यांनी कप नाकारले त्यांत हे गृहस्थही होते. मी ते पाहिले आणि गप्प राहिलो. म्हणून आजचा पाठ मी तुमच्याइतकाच माझ्यासाठीही लिहीत आहे.

१. प्रश्न कोठून आला?

अमेरिकेत १९७० च्या सुमारास वर्णद्वेषाची एक व्याख्या पुढे आली : पूर्वग्रह अधिक सत्ता म्हणजे वर्णद्वेष. या व्याख्येप्रमाणे गोऱ्या माणसाने काळ्याचा तिरस्कार केला तर तो वर्णद्वेष, कारण कायदा, बँक, पोलीस आणि शाळा गोऱ्यांच्या बाजूने उभ्या असतात. काळ्या माणसाने गोऱ्याचा तिरस्कार केला तर तो वाईट खरा, पण त्याला वर्णद्वेष म्हणता येत नाही.

या विचारात मोठे तथ्य आहे. नुसत्या तिरस्काराने कोणाची जमीन जात नाही की शाळेचे दार बंद होत नाही. तिरस्काराच्या हाती चावी आली की दार बंद होते. आपल्याकडे रंगाऐवजी जात आहे, पण प्रश्न तोच आहे. तेव्हा उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधू या.

२. कळंबेश्वरची विहीर

२०१६ च्या उन्हाळ्यात मालेगाव तालुक्यातील कळंबेश्वर या गावाचे नाव देशभर गाजले. तेथील दलित मजूर बापूराव ताजणे यांच्या पत्नीला एका विहीरमालकाने अपमान करून पाणी नाकारले. ताजणे यांनी मालेगावहून अवजारे आणली आणि खोदायला सुरुवात केली. मजुरीला जाण्यापूर्वी काही तास आणि परत आल्यावर काही तास, असे ते एकटेच खणत राहिले. आसपासच्या विहिरी आटलेल्या, जमीन खडकाळ. लोकांनी त्यांना वेड्यात काढले. घरच्यांनीही साथ दिली नाही. चाळीस दिवसांनी पाणी लागले, आणि ते वस्तीतल्या इतरांच्याही कामी आले.

या घटनेत सत्ता म्हणजे काय ते स्पष्ट दिसते. विहीर ज्याची, शब्द त्याचा. त्याच विहीरमालकाबद्दल ताजणे यांच्या मनात उद्या राग आला, तर त्या रागाने मालकाच्या घरची घागर रिकामी राहणार नाही. मालकाच्या तिरस्काराने मात्र एका स्त्रीची घागर रिकामी राहिली. म्हणून “दोन्हीकडून सारखेच असते” असे म्हणणे हा अन्याय आहे. ज्याची घागर रिकामी राहिली, त्याचा राग आणि ज्याने ती रिकामी पाठवली, त्याचा तिरस्कार एकाच तराजूत घालता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गावात वैर वाढू नये म्हणून ताजणे यांनी वार्ताहरांना त्या मालकाचे नाव सांगितले नाही. अपमानाला उत्तर देताना त्यांनी स्वतःच्या मनात तिरस्काराला जागा दिली नाही.

३. कायदा काय म्हणतो?

आपल्या देशाच्या कायद्याने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आहेत. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्यानुसार १९५५ साली कायदा झाला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. अस्पृश्यतेच्या कारणाने विहीर, पाणवठा किंवा देऊळ नाकारणारा कोणीही असो, तो या कायद्याने दोषी ठरतो. त्याची जात कायदा विचारत नाही.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र जात विचारतो. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तरच तो कायदा लागू होतो. म्हणजे एका कायद्याने कृत्य पाहिले, तर दुसऱ्याने कृत्याबरोबर करणाऱ्याचे समाजातील स्थानही पाहिले. दोन्ही योग्यच आहेत. दुर्बळाला संरक्षण देणे हे कायद्याचे काम आहे, आणि त्यासाठी बळ कोणाकडे आहे हे त्याला पाहावेच लागते. पण जे कृत्य एखाद्या कायद्याच्या कक्षेत येत नाही ते देवासमोर निर्दोष ठरते, असे मात्र नाही.

४. जिना नसलेला मनोरा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात आपल्या समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला जिना नाही. पुढे त्यांनी या रचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिचे वैशिष्ट्य असे की अगदी खालच्या मजल्याखेरीज प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असते. वरच्याचा अपमान गिळायचा आणि तो खालच्यावर उतरवायचा. म्हणून ही रचना इतकी वर्षे टिकली. ती वरच्यांनी बांधली, पण मधले सगळे तिला खांदा देत राहिले.

येथे आपल्या गृहस्थांच्या प्रश्नाचे खरे उत्तर सापडते. सत्ता म्हणजे फक्त जमीन आणि खुर्ची नव्हे. गावच्या चौकात ज्याला कोणी विचारत नाही, त्याच्याही हाती एखाद्या ओसरीवर सत्ता असते : कोणाला आत घ्यायचे, कोणाचा चहा प्यायचा, कोणाच्या घरी मुलगी द्यायची. घरातील सुनेवर, धाकट्या भावावर, भंगार वेचायला आलेल्या पोरावर तो सत्ता गाजवू शकतो. सर्व ठिकाणी निःसत्त्व असा माणूस क्वचितच असतो.

५. शुभवर्तमान काय दाखवते?

यहुदी आणि शोमरोनी दोघेही रोमी सत्तेखाली होते. दोघांवर एकच राज्यपाल होता. तरीही ते एकमेकांच्या भांड्यातले पाणी पीत नव्हते. शोमरोनी गावाने येशूला उतरायला जागा दिली नाही, तेव्हा याकोब आणि योहान यांनी त्या गावावर आकाशातून अग्नी पाडायची भाषा केली. दोघेही कोळ्याची मुले! प्रभूने त्यांनाच धमकावले. नथनेल गालीलातील काना गावचा. यरुशलेमचे लोक गालीलालाच तुच्छ मानत होते. पण तोही शेजारच्या नासरेथमधून काही चांगले निघेल काय, असे विचारतो. तुच्छता अशी पायरीपायरीने खाली उतरते.

आता याकोबाच्या विहिरीवरील प्रभूकडे पाहा. तो पुरुष, गुरू आणि यहुदी. त्या काळाच्या हिशेबाने तिन्ही बाजूंनी वरच्या पायरीवर. पण त्याच्याजवळ पोहरा नाही, आणि तो त्या स्त्रीजवळ पाणी मागतो. मी तुला पाणी देतो, अशी सुरुवात तो करत नाही. आधी तो तिच्या हातचे मागतो. ज्याच्या हातचे आपण पितो, त्याला खालचा म्हणता येत नाही.

६. ख्रिस्तसभेची शिकवण आणि आपली कबुली

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या परिपत्रकात पापाच्या रचनांविषयी लिहिले. समाजात अन्यायाच्या व्यवस्था असतात, त्या एकट्यादुकट्याच्या नसतात. पण त्यांचे मूळ माणसांच्या वैयक्तिक पापात असते आणि माणसांच्या कृतीनेच त्या पक्क्या होतात. म्हणजे व्यवस्थेकडे बोट दाखवून माझी सुटका होत नाही, आणि माझ्या एकट्याच्या पश्चात्तापाने व्यवस्थाही आपोआप मोडत नाही. दोन्हींवर काम करावे लागते.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना मिळाला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना वगळले गेले. म्हणून १० ऑगस्टला ख्रिस्ती समाज काळा दिवस पाळतो. धर्म बदलला तरी जातीचे चटके संपत नाहीत, असे आपण शासनाला सांगतो. ही मागणी न्याय्य आहे. पण तिच्यात आपलीही कबुली दडलेली आहे. ते चटके केवळ बाहेरचेच देतात काय? भारतातील कॅथोलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेच्या आतील जातिभेद मान्य केला. तामिळनाडूत काही ठिकाणी मृतांनाही वेगळी दफनभूमी मिळाली. आपल्याकडे भिंत नाही, पण न उचललेला कप आहे.

निष्कर्ष थोडक्यात असा : सत्तेमुळे भेदभावाचे घाव खोल होतात आणि जबाबदारी वाढते. ज्याच्याकडे अधिक, त्याला जाब अधिक. पण तुच्छता हे पाप होण्यासाठी सत्तेची गरज नाही. वरच्याने “तेही आपसात भेद करतात” म्हणून सुटू नये, आणि खालच्याने “आमच्या हाती काय आहे” म्हणून सुटू नये.

मनन व चर्चेसाठी

१. कोणाच्या घरचे मी आजवर खाल्ले-प्यालेले नाही? का?
२. माझी सत्ता कोठे चालते : घरी, शेतात, मंडळात की स्वयंपाकघरात?
३. मुलामुलींचे लग्न ठरवताना आपण आधी काय विचारतो?

या आठवड्यात एक गोष्ट करू या. ज्या घरी आपण टाळतो, त्या घरी जाऊन पाणी मागू या. मी त्या बाईंच्या घरी जाऊन चहा मागणार आहे, आणि त्या दिवशी गप्प राहिल्याबद्दल क्षमाही.

प्रार्थना : हे प्रभो येशू, तू विहिरीवर थकून बसलास आणि परक्या स्त्रीजवळ पाणी मागितलेस. आमच्या मनातील पायऱ्या मोडून टाक. ज्यांना आम्ही खालचे मानले, त्यांच्या हातून तुझे जिवंत पाणी घेण्याची नम्रता आम्हांला दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू