पहिल्या ब्रेकपॉइंटच्या आधी विंडो ठरवा

डीबगर सुरू करायचा, दोन-तीन पावले चालवायचा, कंटाळून बंद करायचा आणि पुन्हा जागोजागी प्रिंटएफच्या ओळी पेरत बसायचे. सी शिकणाऱ्या मुलांमध्ये हे इतक्या वेळा दिसते की त्यांना डीबगर झेपत नाही असे म्हणून शिक्षकही तो विषय सोडून देतात. मला हे निदान चुकीचे वाटते. ब्रेकपॉइंट कशासाठी असतो, स्टॅकमध्ये काय असते, हे या मुलांना बऱ्यापैकी समजलेले असते. त्यांचा धीर सुटतो तो पडद्यावरच्या विंडो न विचारता जागा बदलतात म्हणून. पाहत असलेली ओळ नाहीशी होते, तिच्या जागी भलतेच काही उघडते, आणि दोष शोधायचा सोडून कोड कुठे गेला हेच शोधावे लागते. म्हणून पहिला ब्रेकपॉइंट लावण्याआधी कोणती विंडो कुठे राहील हे स्वतः ठरवून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हे काम सजावटीचे नाही, दोष शोधण्याचीच ती सुरुवात आहे.

ईमॅक्स या एडिटरचे उदाहरण घेतो, कारण हा त्रास त्यात सर्वांत ठळक दिसतो आणि त्यावरचे उपायही त्यातच सर्वांत बारकाईने दिलेले आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा डीबगर ईमॅक्सच्या आतून चालवता येतो. तिथे जीडीबी-मेनी-विंडोज हा पर्याय चालू केला की पडद्याचे सहा भाग होतात. वर डीबगरला आज्ञा देण्याची जागा आणि तिच्या शेजारी लोकल व्हेरिएबल्स, मध्ये मूळ कोड आणि शेजारी प्रोग्रॅमचे आउटपुट, खाली स्टॅक आणि शेजारी ब्रेकपॉइंटची यादी. मोठ्या मॉनिटरवर ही रचना उत्तम आहे. पण १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या लॅपटॉपवर मेनू आणि टास्कबार वगळता जेमतेम ३५ ओळी उरतात. त्या तीन थरांत वाटल्या की कोडच्या वाट्याला दहा-बारा ओळी येतात, आणि साध्या लिंक्ड लिस्टमधून एक नोड काढणारे फंक्शनसुद्धा तेवढ्यात पूर्ण दिसत नाही. बरे, सहा भाग नकोत म्हणून दोनच ठेवले, तर वेगळी अडचण उभी राहते. प्रोग्रॅमने काही छापले की आउटपुटचा बफर आपणहून वर येतो, आणि त्याला ठरलेली जागा नसेल तर तो चालू कोडच्या जागेवरही बसू शकतो. लूपमध्ये छपाई असेल तर हे प्रत्येक फेरीला होते. स्टॅकमध्ये एक पायरी वर जाऊन दुसऱ्या फाइलमधले फंक्शन पाहायला घेतले, की ती फाइल कुठल्या विंडोत उघडेल याचाही भरवसा नसतो.

यात एवढे काय बिघडते, असे कुणी म्हणेल. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली केलेल्या मांडणीनुसार माणसाला एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरून ठेवता येतात. लिंक्ड लिस्टमधला चुकलेला पॉइंटर शोधताना आताचा नोड, मागचा नोड, पुढचा नोड आणि लूपची अट एवढ्यातच त्या चार जागा भरतात. अशा क्षणी पडदा हलला की यांतले एक तरी निसटते. मग मुलगा नेक्स्टची आज्ञा एकदा जास्त देतो, दोषाची ओळ ओलांडून पुढे जातो, आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून चालवावा लागतो. असे दोन-तीनदा झाले की तो प्रिंटएफकडे परततो, आणि त्याला मी दोष देणार नाही.

आता उपाय. आधी ईमॅक्सची आवृत्ती पाहा, कारण यातल्या सोयी टप्प्याटप्प्याने आल्या आहेत. आउटपुटचा बफर एकदा बाजूला केल्यावर पुन्हा डोके वर काढू नये, यासाठीचा जीडीबी-डिस्प्ले-आयओ-नोपॉपअप हा पर्याय २०१६ च्या २५.१ मध्ये आला. तो चालू ठेवा आणि आउटपुट हवे तेव्हा स्वतः उघडा. कोडसाठी जास्तीत जास्त किती विंडो वापरायच्या हे सांगणारा जीडीबी-मॅक्स-सोर्स-विंडो-काउंट मात्र २०२२ च्या २८.१ मध्ये आला. त्याचे मूळ मूल्य एक आहे आणि लहान पडद्यावर ते बदलू नये. डीबगर बंद केल्यावर आधीची मांडणी परत आणणारा पर्याय आणि स्वतःची मांडणी फाइलमध्ये साठवण्याची आज्ञा, याही २८.१ मधल्याच. उबुंटू २२.०४ बरोबर ईमॅक्सची २७.१ ही आवृत्ती मिळते, म्हणजे त्या यंत्रांवर २८.१ मधल्या या सोयी नाहीत. तिथे जुना मार्ग वापरा. मांडणी मनासारखी लावा, कंट्रोल-एक्स, मग आर, मग डब्ल्यू आणि एखादे अक्षर दाबून ती रजिस्टरमध्ये ठेवा. पडदा विस्कटला की कंट्रोल-एक्स, आर, जे आणि तेच अक्षर. लहान पडद्यावर माझी शिफारस अशी, की डावीकडे कोड पूर्ण उंचीचा, उजवीकडे वर डीबगर आणि खाली लोकल व्हेरिएबल्स, एवढेच ठेवावे. स्टॅक आणि ब्रेकपॉइंटची यादी दर पावलाला लागत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीतली पुष्कळ मुले मराठी प्राथमिक शाळेतून आलेली असतात आणि सरावाच्या प्रोग्रॅममध्ये गावांची नावे देवनागरीत लिहितात. लिहावीतच. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि डीबगर अनेकदा प्रत्येक बाइट तिरकी रेघ व तीन अंक अशा चार खुणांनी दाखवतो. ‘डिचोली’मध्ये काना-मात्रा धरून सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट आणि ७२ खुणा. अर्ध्या पडद्याची एक अख्खी ओळ एका गावाच्या नावाने भरते आणि खालची व्हेरिएबल्स दिसेनाशी होतात. जीडीबी-एमआय-डीकोड-स्ट्रिंग्ज हा पर्याय चालू आहे ना, हे पाहून घ्या, म्हणजे अक्षरे अक्षरांसारखी दिसतील आणि विंडोही मोकळी राहील.

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की थोर प्रोग्रॅमरसुद्धा डीबगर फारसा वापरत नाहीत. ब्रायन कर्निघन आणि रॉब पाइक यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात, स्टॅक किंवा एखाद-दुसऱ्या व्हेरिएबलची किंमत पाहण्यापलीकडे आपण डीबगर वापरत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यांचे म्हणणे मी गंभीरपणे घेतो. पण तो स्टॅक वाचायलाही जागेवर राहणारी विंडो लागतेच. शिवाय छापून पाहायचे तर छापायला जागा हवी. पेडण्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी जागा राखली आहे. तशा उद्योगात सर्किट बोर्डवरच्या लहानशा चिपमध्ये चालणाऱ्या सी प्रोग्रॅमला बहुधा पडदाच नसतो. तिथे जीडीबी चिपला जोडून दोष शोधावा लागतो, आणि ज्याने तो कधी धीराने वापरला नाही त्याची अडचण होते.

व्हीएस कोड हा एडिटर घ्या, हे सारे आपोआप होते, असेही सांगितले जाते. तिथेही प्रश्न तोच आहे, फक्त नीटनेटका दिसतो. प्रोग्रॅम ब्रेकपॉइंटवर थांबला की बाजूच्या पट्टीतली फाइलींची यादी जाऊन डीबगची पट्टी येते, आणि पहिल्या वेळी डीबग कन्सोल उघडून कोडची उंची खातो. दोन्ही गोष्टी सेटिंगमध्ये ‘डीबग’ असे शोधून बंद करता येतात. मोठा मॉनिटर घ्यावा हा सल्ला योग्यच आहे, पण ज्याच्या घरी एकच जुना लॅपटॉप आहे त्याला तो देऊन काही साधत नाही.

राहिला लॅबचा प्रश्न. सामायिक यंत्रावरची सेटिंग दुसऱ्या दिवशी पुसलेली असते, मग एवढा खटाटोप कशाला? मये येथील सरकारी तंत्रनिकेतनात काय किंवा इतर कुठल्याही लॅबमध्ये काय, याचे उत्तर पेनड्राइव्हवर ठेवता येते. या चार-पाच ओळींची सेटिंगची फाइल काही केबीच्या वर जात नाही, आणि ईमॅक्स सुरू करतानाच ती वाचायला सांगता येते. २८.१ च्या पुढे मांडणीची फाइलही सोबत जाते. ती फाइल शिक्षकांनीच तयार करून वर्गाला द्यावी असे मी सुचवेन. सगळ्यांच्या पडद्यावर एकच मांडणी असली की उजवीकडे खाली पाहा म्हटल्यावर प्रत्येकाला तिथे लोकल व्हेरिएबल्सच दिसतील, आणि तासाचा वेळ पॉइंटर समजावण्यात जाईल.