प्रबंधाची आकडेमोड: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

एम.एड.चा लघुप्रबंध असो वा पीएच.डी., प्रश्नावल्या भरून आल्या की शोधाशोध सुरू होते: ‘स्टॅटिस्टिक्स करून देणारं कोणी आहे का?’ पण खर्चाचा मोठा भाग त्याआधीच ठरलेला असतो.

नमुना
यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १०० पालकांपैकी निम्म्यांनी ‘हो’ म्हटलं, तर खरा आकडा साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असतो. ४०० पालक घेतले तर तो ४५ ते ५५ मध्ये येतो. म्हणजे चूक निम्म्यावर आणायला नमुना चौपट लागतो. झेरॉक्स पानाला २ रुपये धरा. चार पानी प्रश्नावलीच्या १०० प्रती ८०० रुपयांना पडतात, ४०० प्रती ३,२०० रुपयांना. प्रवास वेगळा. गूगल फॉर्म फुकट आहे, पण स्मार्टफोन नसलेले पालक त्यातून गळतात.

पैसे असतील तर ते प्रवासावर घाला. चार शाळांतल्या शंभर-शंभर मुलांपेक्षा वीस शाळांतली वीस-वीस मुलं बरी. एकाच शाळेतली मुलं बरीचशी सारखी उत्तरं देतात.

पूर्वचाचणी
तीसेक जणांवर प्रश्नावली आधी तपासून घ्या. झेरॉक्सचे अडीचशे रुपये जातील, पण संदिग्ध प्रश्न छपाईआधीच सापडतील.

नोंदणी
एका प्रश्नावलीची उत्तरं संगणकात भरायला ४ मिनिटं लागली, तर ४०० प्रश्नावल्यांना सुमारे २७ तास. बाहेर काम दिलंत तर दर ठरवतानाच सांगा, की दर दहावी प्रश्नावली तुम्ही स्वतः पडताळणार.

सॉफ्टवेअर: शून्य रुपये
टक्केवारी, मध्यमान, प्रमाण विचलन एक्सेलमध्ये किंवा मोफत लिब्रेऑफिसमध्ये निघतात. पुढच्या चाचण्यांसाठी जमोवी, जास्प, पीएसपीपी, आर हे सगळे मोफत आहेत. एसपीएसएसच पाहिजे असेल, तर आधी विद्यापीठाच्या संगणककक्षात चौकशी करा; चोरीची प्रत घेऊ नका.

कोणती चाचणी?
मुलगे आणि मुली अशा दोन गटांच्या गुणांची तुलना: टी-चाचणी. तीन किंवा अधिक गट: प्रचरण विश्लेषण. शाळेचं माध्यम आणि ‘हो-नाही’ उत्तर यांचा संबंध: काय-वर्ग. अभ्यासाचे तास आणि गुण: सहसंबंध. बहुतेक लघुप्रबंधांचं काम एवढ्यावर भागतं. ‘प्रगत’ चाचण्यांचं पॅकेज कोणी गळ्यात मारत असेल, तर ‘माझ्या कोणत्या उद्दिष्टासाठी?’ असं विचारा.

सल्लागाराची फी
ठरावीक दर नाही. दोन-तीन ठिकाणी विचारा आणि लेखी घ्या: किती तक्ते, किती दुरुस्त्या, मूळ फाइल व आउटपुट मिळणार का, समजावून सांगण्याचा तास धरलाय का. मौखिकीत उत्तर तुम्हालाच द्यायचंय. ‘निकाल सार्थक आणून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

तासाभराचा सल्ला परवडत असेल, तर तो प्रश्नावली छापण्याआधी घ्या. चुकीचा विचारलेला प्रश्न नंतर कोणतीही चाचणी दुरुस्त करत नाही.