मैत्रिणीसोबत ख्रिस्ती शिबिराला पाठवू का?

प्रश्न : सोळा वर्षांची मुलगी ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर लोणावळ्याजवळच्या शनिवार-रविवारच्या युवा शिबिराला जायचं म्हणते. आम्ही हिंदू. पाठवावं का?
– एक आई, शनिवार पेठ

उत्तर : तुमची शंका पुण्याला नवी नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, 1890 मध्ये मुंबईहून पुण्यात आलं. त्यांच्या प्रार्थनेला काही मुली बसतात म्हणून 1893 मध्ये वादळ उठलं. समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई सक्ती करत नव्हत्या, पण दारही लावून घेत नव्हत्या. तुमच्याही मुलीपुढे दार उघडंच असेल.

अशा शिबिरांत गाणी, बायबलवाचन, गटचर्चा, खेळ असतात. काही ठिकाणी शेवटच्या रात्री येशूचा स्वीकार करणाऱ्यांनी उभं राहावं, असं आवाहन होतं. हे तिला आधीच सांगा. न पटता उभं राहायचं नाही, आणि भारावलेल्या रात्री मोठा निर्णय घ्यायचा नाही, एवढं तिला नक्की कळेल.

मला धर्मापेक्षा मुक्कामाची काळजी अधिक वाटते. मुलींच्या निवासात जबाबदार बाई कोण? फोन जवळ ठेवू देतात का? पोहायला पाण्यात उतरवणार का? मधूनच परतायचं झालं तर सोय काय? आयोजक ही उत्तरं टाळत असतील तर पाठवू नका. पण त्याआधी मैत्रिणीच्या आईला घरी चहाला बोलवा. तीही मुलीला पाठवतेच आहे.