पंप स्वस्त चालेल, नळी नाही

शेवळं पहिल्या पावसाच्या आगेमागे उमलतं, तेही सह्याद्रीच्या अशा उतारांवर जिथे जवळपास विजेचा खांब नसतो. त्याचा कुजका वास प्रयोगशाळेपर्यंत न्यायचा तर सामान पाठीवरूनच न्यावं लागतं. (शेवळाची भाजी काकडं घालून चवीने खाणाऱ्यांनीही फुलाजवळ डबा उघडला नाही.) परदेशी पंपाचं कोटेशन पाहून आमच्या गटाने संच स्वतःच जुळवला: 12 व्होल्टचा छोटा डायफ्राम पंप, बॅटरी, ओव्हनमध्ये चालणारी पॉलिएस्टरची पिशवी, आत येणाऱ्या हवेसाठी कोळशाची गाळणी आणि वासाचे रेणू धरून ठेवणारं टेनॅक्स भरलेली काचनळी.

स्वस्त पंपाचा पस्तावा झाला नाही. तो टेनॅक्सच्या मागे जोडला की हवा आधी टेनॅक्समधून जाते, मग पंपात. पंपातल्या रबराचा वास नमुन्यात शिरतच नाही. काटकसर अंगाशी आली ती नळीत. पिशवी आणि टेनॅक्स यांच्यामधला वीतभर तुकडा मऊ सिलिकॉनचा होता. जीसी-एमएसच्या आलेखावर सिलोक्सेनचीच शिखरं उभी राहिली आणि हंगाम तर संपलेला. तेव्हा पैसे तिथे घाला: फुलापासून टेनॅक्सपर्यंत फक्त काच आणि टेफ्लॉन. पीव्हीसीही नको, त्यातून थॅलेट येतात.

आमची अब्रू थोडीफार राखली ती रिकाम्या पिशवीने. फुलाशेजारी, त्याच वेळी, तसाच पंप लावून रिकाम्या पिशवीतली हवाही ओढा. त्यात जे सापडेल ते फुलाचं नव्हे. डास पळवणारं मलम लावून काम केलंत तर डीईईटीसुद्धा त्यात भेटेल.

प्रवाहमापक महाग वाटला तर काचेच्या ब्युरेटमध्ये साबणाचा बुडबुडा चढवा आणि स्टॉपवॉच धरा. मिनिटाला 200 मिलिलिटर म्हणजे तासाला 12 लिटर. पण बॅटरी उतरते तसा प्रवाहही उतरतो, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा मोजा. टेनॅक्स दमटपणा सोसतो, फार हलके रेणू मात्र त्यातून निसटतात. पान चुरगळू देऊ नका, नाहीतर फुलाऐवजी कापलेल्या गवताचा वास गोळा होईल.

काम झालं की काचनळीला टेफ्लॉनची टोपणं लावा, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा आणि बर्फाच्या डब्यात टाका. लेबल पेन्सिलीने लिहा. मार्करच्या शाईतला द्रावकही टेनॅक्स आनंदाने पितो.